दहा वाजताचं पातं

रॉकेल आणि झेंडू यांचा वास एका खोलीत आला की मी हातातलं फडकं खाली ठेवतो. वर्षातून एकदाच येतो हा वास, खंडेनवमीला. दिंद्रुडच्या बाजाररस्त्यावर माझं ऑइल इंजिन आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. नवमीच्या आदल्या दिवसापासून तिथले पाने, पकडी, हातोड्या, बेअरिंग काढायचा पुलर अशी सगळी मंडळी रॉकेलच्या घमेल्यात आंघोळीला बसलेली असतात. गिरिजा, म्हणजे माझी बायको, दाराला तोरण बांधता बांधता दरवर्षीचं वाक्य टाकते, "वर्षभर ह्यांना असंच धुतलं असतंत तर गिऱ्हाईकाच्या धोतराला डाग लागले नसते."

यंदाही सगळं धुऊन झालं. पाट मांडला, त्यावर लाल कापड, कापडावर हत्यारं उंचीप्रमाणे. मधोमध एक खोललेलं इंजिन, त्याच्या गळ्यात माळ. हळदकुंकवाचं ताट झालं, नारळ झाला. मग मी स्टुलावर बसलो आणि रस्त्याकडे बघत राहिलो. कारण आमच्या दुकानात हत्यारांना कुंकू मी लावत नाही. ते महादू लावतो. गायरानाच्या कडेला वाडा असलेला, मेंढरं राखणारा महादू. पंचवीस वर्षं तोच लावत आलाय. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढी दोनच बोटं आहेत. त्या दोघांच्या चिमटीत कुंकू धरून तो एकेका पान्यावर अशी रेघ ओढतो की पट्टी लावून मारल्यासारखी. मग नारळ फोडतो, चहा घेतो आणि जमलेल्या लोकांना म्हणतो, "हां, आता मिस्तरीचा एखादा गाढवपणा ऐकू द्या."

यंदा अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तो आला नाही. का आला नाही ते मला माहीत आहे, आणि तेच सांगायला बसलोय. पण माझी सांगायची पद्धत म्हणजे सायकलवरून गावाला निघालेल्या माणसासारखी. वाटेत प्रत्येक झाडाखाली उतरणार.

माझी ख्याती इंजिनं दुरुस्त करण्याबद्दल कमी आणि ती कशी बिघडवली हे सांगण्याबद्दल जास्त आहे. एकदा मी एका विहिरीवरचं इंजिन उलटं सुरू केलं. हँडल मारलं, इंजिनानं झटका देऊन मला परत फेकलं आणि उलट्या दिशेनं चालू पडलं. धूर सायलेन्सरमधून निघायचा तो हवा ओढायच्या तोंडातून निघून थेट माझ्या मिशीवर आला. मालक म्हणाला, "मिस्तरी, इंजन चालू झालं का तुमी?" लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा मुंडावळ्या बांधून मी त्याच्या खाली होतो. अक्षता पडल्या तेव्हा माझ्या हाताला ग्रीस होतं, आणि ते गिरिजाच्या शालूवर आजही आहे. असले शंभर किस्से मी दुकानात, पारावर, तेराव्याच्या जेवणातसुद्धा सांगितलेत. लोक म्हणतात, माणूस मनानं साफ हाय, काय लपवत न्हाई. लपवायची हीच तर युक्ती आहे. शंभर गाढवपणे पुढे मांडून ठेवले की एकशे एकावा मागे राहिलाय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तो एकशे एकावा पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. ते दिवस सगळंच नवीन येण्याचे होते. बसस्टँडसमोर काचेची एसटीडीची खोली आली. काळ्या गोड पाण्याच्या बाटल्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फात उभ्या राहिल्या. गावातल्या दोन माड्यांवर डिशच्या उताण्या छत्र्या बसल्या आणि संध्याकाळी तिथे माणसांची ही गर्दी. कपाशीचं बी नवं, औषधं नवी, अळीही नवी. बोंडात शिरून आतून दार लावून घ्यायची. पाठीवर पंप बांधून माणसं सकाळपासून फवारायची, संध्याकाळी डोळे चोळत ओकायची, आणि अळी तिथंच. अशात एक औषधाची कंपनी गावात आली. टोप्या वाटल्या, बनियनवर घालायचे शर्ट वाटले, आणि जाहीर केलं की आता पाठीवरचा पंप विसरा, आता आभाळातून फवारणी.

विमान गायरानावर उतरलं त्या दिवशी शाळा सुटली नाही, पळाली. केवढंसं ते विमान. दोन माणसांचं, त्यातल्या एकाच्या जागी औषधाची टाकी. अंग कापडाचं, बोट लावलं तर तंबूसारखं दबायचं. नाकावर लाकडाचा दोन पात्यांचा पंखा. एका म्हातारीनं त्याला ओवाळलं आणि वैमानिकाला विचारलं, "बाबा, ह्याला चारा काय लागतो?" वैमानिकाला सगळे कॅप्टन म्हणायचे. काळा चष्मा लावलेला, पुण्याकडचा, घाईचा माणूस. त्याला ओवाळणीत काय टाकायचं ते कळेना, तर त्यानं कंपनीची टोपी टाकली.

महादू त्या गायरानावर जन्मापासून मेंढरं चारत होता. कंपनीनं त्यालाच कामावर ठेवलं, मेंढरं धावपट्टीवर येऊ नयेत म्हणून हाकलायला. म्हणजे आपल्याच मेंढरांना आपल्याच कुरणातून हाकलण्याची नोकरी. मला ठेवलं ते इंजिनातलं कळतं म्हणून. आयटीआयचा कागद होता माझ्याकडे, प्लास्टिकमध्ये घालून आणलेला. तो मी ज्यांना दाखवला ते रहमतचाचा. हैदराबादचे, फौजेत विमानं सांभाळून निवृत्त झालेले, पांढरी आखूड दाढी, खिशात कायम एक फडकं. त्यांनी कागद बघितला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "अच्छा है. अब हाथ दिखाओ."

त्या विमानाला बॅटरी नव्हती, स्टार्टर नव्हता. पंख्याचं पातं हातानं ओढून इंजिन सुरू करायचं. हे ऐकलं आणि मला भरून आलं. आभाळात उडणारं यंत्र, तेही शेवटी आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचंच चुलतभावंड निघालं. हँडल मारण्यात माझा हात तालुक्यात कुणी धरला नसता. आमच्याकडे हँडल खालून वर ओढतात. वरून खाली दाबायचं नाही, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट जातं. अंगठाही मुठीत घ्यायचा नाही. हे मला बापानं दहाव्या वर्षी शिकवलेलं, आणि ते माझ्या हाडात होतं.

चाचांनी पहिल्याच दिवशी ते हाडातून काढायचा प्रयत्न केला. त्यांनी पंखा हातानं हळूहळू फिरवला. अर्ध्या फेरीत तो हलका जायचा आणि मग एका जागी जड व्हायचा, कुणीतरी आतून धरल्यासारखा. "भारी लगा?" त्यांनी विचारलं. "अब देखो, पत्ता किधर है." पत्ता म्हणजे पातं. समोर उभं राहिलं की पातं डावीकडे वर होतं, घड्याळात दहा वाजता काटा असतो तिथं. "भारी आया तब पत्ता दस बजे पे होना. तभी आदमी ऊपर से नीचे खींच के पीछे हट सकता. हाथ और आदमी दोनों साथ में वापस. आदमी आगे झुका तो गया." मग पंख्याच्या मागच्या बाजूला त्यांनी एक पिवळी रेघ दाखवली. पंखा ज्या चकतीवर सहा बोल्टांनी बसतो, त्या चकतीवरून सरळ लाकडावर ओढलेली. पंखा कधी काढावा लागला तर परत त्याच जागी बसवायला. सहा भोकं, सहा बोल्ट, पंखा कुठल्याही भोकात बसतो. कसाही बसवला तरी विमान उडतं. फक्त माणसाला ते नीट सुरू करता यावं अशी जागा एकच. ती त्या रेघेनं राखलेली. पिवळ्या रंगाची एक चपटी डबी आणि दोन केसांचा ब्रश त्यांच्या पेटीत कायम असायचा.

हात दाखवायची पाळी आली तेव्हा मी पहिला पुढे झालो. पातं धरलं, आणि बापानं शिकवलेलं हाड वळवळलं. मी पुढे वाकलो. चाचांनी मागून माझ्या सदऱ्याची कॉलर धरून ओढलं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्यांनी सहज महादूला म्हटलं, तू कर. महादूनं घोंगडी खाली ठेवली, लांब हात वर टाकला, पातं ओढलं आणि ओढता ओढताच दोन पावलं मागे आला, मेंढी अंगावर आली की मेंढपाळ बाजूला होतो तसा. आत कुठंतरी टक असा आवाज झाला आणि इंजिन बोलू लागलं. चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "तेरे बदन में इंजन है बेटे. इसके बदन में चाल है."

त्या दिवसापासून पातं महादूचं. सकाळी कॅप्टन आत बसायचा, चाचा बाजूला उभे राहून ओरडायचे, आतून उत्तर यायचं, आणि महादू हात वर टाकायचा. कपाशी वेचायला निघालेल्या बाया बांधावर थांबून बघायच्या. मी कागदवाला मेकॅनिक, मी चाकामागचे लाकडी गुटके ओढायचो. म्हाद्या वर मला चिडवायचा, "कावून बे मिस्तरी, तोंड कावून पाडलंस? तुला माज्या मेंढरामागं लावू का?" मी हसायचो. हसायला मला कधीच वेळ लागला नाही.

औषधाचा वास आजही नाकात आहे. गोडसर, डोक्यात बसणारा. विमान कपाशीवरून खाली यायचं तेव्हा त्याची सावली आधी पळायची आणि मागून पांढरा पदर सुटायचा. बायका पदरानं नाकं झाकायच्या आणि तरी वर बघायच्या. तित्तर मेले, मधमाश्या मेल्या, ओढ्यातले मासे उलटे झाले. अळी बोंडात होती. ती वर विमान आलंय की बैलगाडी, ह्याची चौकशी करायलाही बाहेर आली नाही.

आणि नवमी आली. कॅप्टन सणाला औरंगाबादला गेला. चाचा दिवसभरासाठी बीडला गेले. गायरानावर मी आणि विमान. म्हटलं, यंत्राची पूजा झाली पाहिजे, आणि आमच्याकडे खंडेनवमीला यंत्र नुसतं पुसत नाहीत, खोलून धुतात. पंख्यामागे तेलात माती बसून काळा थर झालेला. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून पिळून बांधलेल्या तारा मी कापल्या, सहा बोल्ट काढले, पंखा उतरवून सतरंजीवर ठेवला. रॉकेलमध्ये फडकं बुडवलं आणि चकती, लाकूड, भोकं सगळं लखलखीत केलं. आतून बाहेरून. कोपरे काडीनं कोरले. फडकं पिळलं तेव्हा काळ्या पाण्यात पिवळं काहीतरी उतरलं होतं. मी ते बघितलं, आणि मळ निघतोय याचा मला आनंद झाला.

मग परत बसवायची वेळ आली आणि ध्यानात आलं की रेघ नाही.

इथपर्यंतचं गाढवपण मी आनंदानं सांगू शकतो. ते माझ्या जातकुळीतलं आहे. धुणं म्हणजे भक्ती असं आम्ही समजतो, आणि काय पुसायचं नाही हे कुठल्याच पूजेत कुणी सांगत नाही. चाचांची वाट बघितली असती, सांगितलं असतं की चाचा, मी रेघ धुतली, तर दोन शिव्या खाऊन मोकळा झालो असतो, आणि तो आज पारावरचा एक चांगला किस्सा असता. पण मी तिथे उभा राहून इंजिन फिरवून बघितलं. जड कुठं येतं ते शोधलं. दहा वाजताची जागा मला ठाऊक होती. चाचांनी तीनदा दाखवली होती. आणि मी पंखा एक भोक सरकवून बसवला.

का, ते सांगतो. असा बसवला की जड येतं तेव्हा एक पातं उभं वर आणि दुसरं सरळ खाली असतं. आणि खालचं पातं हँडलसारखं खालून वर ओढता येतं. म्हणजे ते मला जमणार होतं. मला वाटलं, उद्या दसरा, चाचा येतील, महादू नेहमीसारखा हात वर टाकेल, त्याला काही सुधरणार नाही. मग मी पुढे होऊन आमच्या पद्धतीनं एका झटक्यात सुरू करून दाखवीन. आणि म्हणेन, चाचा, इंजन को जैसा हाथ चाहिए वैसा दिया. एवढंच. चार लोकांसमोर एकदा माझा हात दाखवण्यासाठी मी ते भोक सरकवलं. बोल्ट आवळले, तारा चाचांनी शिकवलेल्या पद्धतीनं पिळून बांधल्या. तेवढं काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम होतं. वर झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. संध्याकाळी चाचा आले, माळ बघून हसले, लांबूनच सलाम केला आणि थकले होते म्हणून झोपायला गेले. मी म्हटलं, "सब धोया, चाचा." पंखा उतरवला होता हे म्हटलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी कॅप्टन लवकर आला. वारा सुटायच्या आत दोन फेऱ्या मारायच्या होत्या. चाचा टेंपो घेऊन पेट्रोलचं पिंप आणायला माजलगावला गेले होते, तासाभरात येणार होते. कॅप्टन थांबेना. आत जाऊन बसला आणि म्हणाला, रोज करता ना, करा. महादूनं माळ काढून खाली ठेवली. पंखा फिरवून बघितला. थांबला.

"मिस्तरी, आज येगळंच लागतंय बे. जड भलतीकडंच आलंय. चाचाला येऊ दे का?"

मी दहा पावलांवर होतो. गुटक्याची दोरी हातात. इथं मी पुढे व्हायचं होतं. हाच तो क्षण, ज्यासाठी काल सगळं केलं होतं. पण कॅप्टनचं तोंड बघितलं, बांधावरच्या बाया बघितल्या, आणि पहिल्या दिवशी धरलेली कॉलर आठवली. नाही जमलं तर? माझे पाय हलले नाहीत. तोंड हललं.

"काय न्हाई होत. खालून वर वढ," मी म्हणालो. "इंजनाचं हँडल मारतो तसं."

त्यानं माझं ऐकलं. मी कागदवाला मेकॅनिक ना. तो वाकला, खालचं पातं धरून वर ओढलं. त्याच्या अंगातली चाल मागे जाणारी होती, ओढ पुढे नेणारी. टक झालं. इंजिन एकदम पेटलं, आणि वरचं पातं फिरून आलं तेव्हा त्याचा हात अजून तिथंच होता.

तो ओरडला नाही. खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला, कुणा दुसऱ्याची वस्तू बघावी तसा. कॅप्टननं इंजिन बंद केलं. जमिनीवर कालची माळ पडली होती. तिच्या पाकळ्यांत काय काय पडलं होतं ते मी बघितलं नाही. मी त्याच्याच पटक्याची पट्टी फाडून कोपराखाली करकचून बांधली, त्याला कंपनीच्या जीपमध्ये घातलं आणि बीडला नेलं. वाटेत माणसं सोनं लुटायला नटून निघाली होती. महादू माझ्या खांद्यावर डोकं टेकून एकच म्हणत होता, "मिस्तरी, मेंढरं पट्टीवर आली आसतील बग."

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. चाचा पंख्यासमोर उकिडवे बसले होते. ते उठले, पंखा हातानं हळू फिरवला, जड आलं तिथे थांबवला. पातं उभं होतं. मग त्यांनी अंगठा मागच्या चकतीवरून फिरवला, रेघ जिथं होती तिथून.

"रंग किधर गया रे?"

"कौनसा रंग, चाचा?"

चार शब्दसुद्धा नाहीत. आयुष्यात मी जे काही बोललोय, हजारो किस्से, लाखो शब्द, त्यात एवढेच तीन मला परत घ्यायचेत. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग बोल्टांच्या तारांकडे बघितलं, जवळ जाऊन, चष्मा लावून.

"तार अच्छी बांधी है," ते म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. चौकशीला कंपनीची दोन माणसं आली, त्यांनी विचारलं की यंत्राची जबाबदारी कुणाची. चाचांनी स्वतःबद्दल लिहून दिलं, "जबाबदारी माझी, आणि त्या वेळी मी हजर नव्हतो." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणावा, तर तो समज मला फार सोयीचा आहे. कदाचित शिकाऊ माणसाच्या ताब्यात हत्यारं देऊन गेलो ही आपलीच चूक, असं त्यांना खरंच वाटलं असेल. कदाचित माझं तोंडच बघायचं नसेल. चौथ्या दिवशी ते एक पिशवी घेऊन एसटीत बसले. रंगाची डबी आणि ब्रश माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर ठेवून गेले. मी दुकानात होतो. आत, काउंटरच्या खाली. हवा भरायच्या पंपाचं वॉशर शोधत होतो असं मी स्वतःला सांगितलं होतं.

विमान गेलं, टोप्या राहिल्या. बुजगावण्यांच्या डोक्यावर दोन वर्षं होत्या.

महादूची तीन बोटं गेली. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. कातर त्याच्या हातात चालायची तेव्हा मेंढी डोळे मिटून पडून राहायची. उमापूरपर्यंतचे लोक बोलवायचे. ती कातर धाकट्या भावाकडे गेली. आणि ह्या माणसानं गावभर काय सांगावं? मिस्तरीनं जीव वाचवला. पटका बांधला नसता तर रक्तानं गेलतो. पुढच्या वर्षीच्या नवमीला तो माझ्या दारात हजर, नारळ घेऊन. म्हणाला, तुझ्या हत्यारांना कुंकू मी लावणार. दोन बोटांनी पहिल्या वर्षी कुंकू सांडायचं. तिसऱ्या वर्षी रेघ सरळ झाली. चाचांना मात्र तो दर नवमीला न चुकता शिव्या घालायचा. त्या म्हाताऱ्यानं माझा घात केला, पंखा वाकडा बसवून पेट्रोलच्या नावानं पळाला, त्याचे हात झडतील. लोक माना हलवायचे. मी चहाचे कप गोळा करायचो. चाचांना पत्र दोनदा लिहिलं, टाकलं नाही. पत्ता नव्हता असं मी म्हणत आलो. पत्ता डबीच्या तळाला लिहिलेला होता, त्यांच्याच अक्षरात, पिवळ्या रंगानं.

आता मी काहीही खोललं की आधी पिवळी रेघ मारतो. पंप असो, गिरणीचा पट्टा असो, गिरिजाच्या मिक्सरचं झाकण असो. गावात त्याची चेष्टा होते. एकानं विचारलं, मिस्तरी, बायकोला पण मारलीय का रेघ? मीही हसलो.

गेल्या नवमीला पूजा झाली, सातआठ जण होते. महादूनं नेहमीसारखं म्हटलं, मिस्तरीचा एखादा गाढवपणा होऊ द्या, नवा पायजे पण. आणि मला काय झालं कोण जाणे. कदाचित वय. कदाचित त्यानं नुकतीच चाचांना दिलेली शिवी, ह्या वेळी त्यांच्या पोराबाळांपर्यंत गेलेली. मी सांगायला लागलो. घमेलं, फडकं, पिवळं पाणी. लोक हसायच्या तयारीत पुढे सरकले. मी भोक सरकवल्याचं सांगितलं, कुणासमोर हात दाखवायचा होता ते सांगितलं, "कौनसा रंग, चाचा" सांगितलं. माझा आवाज किस्सा सांगायचाच होता. मला दुसरा आवाज येतच नाही. सांगून झालं आणि दुकानात शांतता पडली. महादू माझ्याकडे बघत होता. ती शांतता त्याची होती, त्यानं ती वापरायला हवी होती. मला सोसली नाही. मी म्हणालो, "तरी म्हाद्या, बाकीची दोन तुला ठेवली का न्हाई?"

लोक हसले. पोट धरून हसले. मिस्तरीनं स्वतःवरच खोटा आळ घेऊन कसली गोष्ट रचली, असं त्यांना वाटलं. महादूही हसला, जरा उशिरानं. चहा तसाच ठेवून उठला. दारात आल्यावर मला बाहेर बोलावलं.

"चाचाला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"अन् त्यो काय बोलला न्हाई."

"न्हाई."

त्यानं घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मला वाटलं आता हाताबद्दल बोलेल. मी त्यासाठी पंचवीस वर्षं अंग आवळून ठेवलं होतं.

"हाताचं सोड," तो म्हणाला. "मी त्या म्हाताऱ्याला पंचवीस वर्षं शिव्या दिल्या बे. तू हितंच बसून ऐकत व्हतास."

आणि गेला. वर्षभरात तसा दिसला बाजारात दोनतीनदा. रामराम झाला. त्याचा भाऊ पंप घेऊन आला दुरुस्तीला, महादूनंच पाठवला असणार. म्हणजे दावा वगैरे काही नाही. मी मनात हिशेब मांडून बसलो होतो की नवमीला येईल. खरं सांगितलं, तेही इतक्या वर्षांनी, आणि वर चहाची अपेक्षा. माझा हा गाढवपणा किस्सा म्हणून वाईट नाही. ऐकायला कुणी उरलं पाहिजे.

बाराच्या सुमाराला घुंगरांचा आवाज आला. मेंढरं रस्त्यानं निघाली होती, धूळ उडवत, दुकानाच्या पायरीला घासून. मी उठून उभा राहिलो. गिरिजाही आतून आली. मागून महादू आला, काठी काखेत, हात घोंगडीच्या आत. एक कोकरू माझ्या दारात घुसलं, झेंडूची माळ ओढू लागलं. त्यानं तिथूनच जिभेनं टक असा आवाज केला. कोकरू परतलं. त्यानं दुकानाकडे बघितलं नाही.

"नारळ फोडा आता," गिरिजा म्हणाली. "कुणाची वाट बगताव?"

मी ताट घेऊन पाटासमोर बसलो. अंगठा आणि करंगळीत कुंकवाची चिमूट धरली आणि पहिल्या पान्यावर रेघ ओढून बघितली. सांडलं. दुसऱ्यावर ओढली, वाकडी आली. तिसऱ्यावरही. गिरिजा म्हणाली, सरळ बोटानं लावा की, हे काय चालवलंय. मी चौथा पाना घेतला.